स्पॅनिश गाय आणि मार्सेयची सार्डिन

मोडकेतोडके फ्रेंच बोलणाऱ्याबद्दल फ्रान्समध्ये म्हणतात, की तो स्पॅनिश गाईसारखे फ्रेंच बोलतो. हा वाक्प्रचार सतराव्या शतकापासून छापलेला सापडतो. त्यातली गाय, म्हणजे ‘वाश’, ही मुळात गाय नसून बास्क प्रांतातला माणूस असावा आणि उच्चारात घसरून त्याची गाय झाली असावी, असे काही कोशकारांचे म्हणणे. इतरांना ते पटत नाही. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. नव्या माणसाने मात्र हे वाक्य पाठ करून पहिल्याच भेटीत स्वतःबद्दल म्हणून टाकावे. प्रस्तुत लेखकाने ते पॅरिसमधल्या एका बेकरीत म्हटले, तेव्हा गल्ल्यामागच्या बाई हसल्या, त्यांनी बोलण्याचा वेग निम्म्यावर आणला आणि ‘ही गाय काही वाईट बोलत नाही’ असा शेरा मारत बागेत, म्हणजे तो लांबुळका फ्रेंच पाव, कागदात गुंडाळून दिली. त्या शेऱ्याचे खरे वजन कळायला आणखी दोन दिवस लागले.

महाराष्ट्रात फ्रेंचशी गाठ पडते ती बहुतेकांची अकरावी-बारावीत, आणि तीही गुणांच्या हिशोबाने. पुढे कोणी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या वर्गांना जातो, कोणी आलियाँस फ्राँसेझमध्ये. ही संस्था १८८३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि मुंबई-पुण्यातही ती आहे. शिकवणारे चांगले, पुस्तकेही चांगली. पण मराठी विद्यार्थी फ्रेंचकडे निघतो तो इंग्रजीच्या पुलावरून, आणि रोजच्या बोलण्याच्या बाबतीत हा पूल पुष्कळदा भलत्याच काठावर उतरवतो. ‘ते मला आवडते’ हे मराठी वाक्य फ्रेंचमध्ये जवळपास जसेच्या तसे जाते: ‘सा म प्ले’. कर्ता ‘ते’, आणि आवड ‘मला’. एखाद्याची आठवण येते तेव्हा फ्रेंच माणूस म्हणतो ‘त्यु म मांक’, म्हणजे तू मला उणा पडतोस. इंग्रजी वळणाने शिकलेली मुले इथे हटकून कर्त्याकर्माची अदलाबदल करतात. आईची आठवण येते असे सांगायला जातात आणि आईला माझी आठवण येते असे सांगून बसतात. ‘तुझी उणीव भासते’ ज्याच्या कानात आहे त्याला हे वळण परके नाही. पॅरिसहून दीजाँ, तिथून लियों आणि शेवटी मार्सेय अशी खाली समुद्राकडे उतरत जाणारी वाट धरली, तर ही गोष्ट मुक्कामामुक्कामाला नव्याने कळत जाते.

पॅरिसच्या दुकानातला पहिला धडा एका शब्दाचाच आहे. आत शिरताना ‘बाँजूर’, मग मागणी. आपल्याकडे वाण्याच्या दुकानापुढे उभे राहून नुसते ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हटले तरी त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही. वाणीही ‘आणखी काय?’ एवढेच विचारतो. इथे अभिवादन गाळून बागेत मागणाऱ्याला बागेत मिळते, पण आधी समोरून एक थंड, ठसठशीत ‘बाँजूर’ ऐकून घ्यावे लागते आणि ते अभिवादन नसते. निरोपाचा थाट तर त्याहून मोठा. सकाळी वेगळी शुभेच्छा, दुपार कलली की ‘उरलेला दिवस चांगला जावो’, संध्याकाळची आणखी निराळी. कामावर निघालेल्याला ‘बाँ कुराज’, धीर असू दे, असे म्हणतात. मराठी कानाला ते कोणाच्या आजारपणात म्हटल्यासारखे लागते. पॅरिसमध्ये ते सोमवारी सकाळी कचेरीला निघालेल्या धडधाकट माणसाला म्हटले जाते. जाताना ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी रीतीला मात्र तिकडे जोड नाही.

बागेतचे कौशल्य आणि तिच्याभोवतीची संस्कृती २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्याआधी १९९३ च्या सरकारी आदेशाने ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ कशाला म्हणावे याची व्याख्या केली. त्यात रासायनिक भर चालत नाही, पीठ गोठवून ठेवणेही नाही. भाषेत पाव त्याच्या कितीतरी आधीपासून मुरला आहे. लांबलेले भाषण ‘पावाविना गेलेल्या दिवसासारखे लांब’ असते. मातीमोल भावात घेतलेली वस्तू ‘पावाच्या एका घासाला’ मिळते. मराठीत ज्याला टोपी घालतात त्याला फ्रेंच लोक ‘पिठात घोळवतात’. यातला सर्वांत गमतीचा वाक्प्रचार फळीवरच्या पावाचा. ‘फळीवर पाव असणे’ म्हणजे आज, डोक्यावर कामाचा ढीग असणे. पूर्वी याचा अर्थ नेमका उलटा होता: पाव भाजून फळीवर रचून ठेवला आहे, आता पोटाची चिंता नाही, हात हलवला नाही तरी चालेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अर्थाने कूस पालटली. शब्द तेच, फळी तीच. म्हणूनच वाक्प्रचाराचे शब्द सोडवून अर्थ काढायला जाणे हा फसवा धंदा आहे. तो कोण, कोणाला, कधी म्हणतो हे पाहणेच खरे.

ते पाहायची उत्तम जागा म्हणजे कॅफेतला उभ्याने पिण्याचा कट्टा. पुस्तकातले नकारार्थी वाक्य दोन तुकड्यांचे असते. कट्ट्यावर पहिला तुकडा कोणीच उच्चारत नाही आणि ‘मला माहीत नाही’चे पुरते गाठोडे होऊन ‘शे पा’ एवढेच उरते. वाक्यांच्या सांध्यांत ‘द्यू कू’ हे शब्द पेरलेले असतात. त्यांचे काम आपल्या ‘म्हणजे’ इतकेच, बोलणाऱ्याला श्वास घेऊ देण्याचे. तरुण पोरे शब्द उलटे करून बोलतात, ‘फाम’ म्हणजे बाईचे ‘मफ’ करतात. आपल्याकडे लहानपणी ‘च’ची भाषा बोलतात तसाच हा खेळ, फक्त इथे तो मोठेपणीही सुटलेला नाही. आणि स्तुती! कशाचीही फार तारीफ करायची झाली तर ‘पा माल’, वाईट नाही. चित्र पाहून ‘पा माल’, रांधलेले चाखून ‘पा माल’. इंग्रजीतून आलेल्याला वाटते, बरे झाले असावे कसेबसे. पुणेकराला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘बरं केलंय’ हे सदाशिव पेठेतले सर्वोच्च प्रशस्तिपत्र असते हे तो घरून शिकून आलेला असतो. बेकरीतल्या बाईंनी गाईला काय दिले होते ते इथे उमगले. उलट ‘पा तेरीब्ल’ ऐकून भयंकर नाही अशी समजूत करून घेऊ नये. त्याचा अर्थ, काही खास नाही.

कट्ट्यावर हातवारेही शिकून घ्यावे लागतात. कोणी थाप मारली की ऐकणारा तर्जनीने खालची पापणी किंचित खाली ओढतो आणि म्हणतो ‘मो नय’, माझा डोळा. पुष्कळदा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. थाप नसून नुसता संशय असेल, तर ‘खडकाखाली ईल आहे’ म्हणतात. मराठीत अशा वेळी कुठेतरी पाणी मुरत असते. ज्याला सहज फसवता येत नाही तो ‘शेवटच्या पावसात जन्मलेला नाही’; आपल्याकडे तो चार पावसाळे जास्त पाहिलेला असतो. सोपी गोष्ट अवघड करणारा ‘दुपारचे बारा दोन वाजता शोधतो’. आपण त्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो. ईल आणि मुरते पाणी, पाऊस आणि पावसाळे: मजकूर निराळा, पण दोन्हीकडे म्हणणारा माणूस त्याच वयाचा, त्याच आवाजात, तसाच भुवई उंचावून म्हणतो.

पॅरिसच्या विजयकमानीवर नेपोलियनकाळच्या लढायांची नावे कोरली आहेत. लोकांच्या बोलीत मात्र त्या विजयांपेक्षा एका पराभवाचीच आठवण जास्त. काही पुरते कोसळले की फ्रेंच माणूस म्हणतो ‘से ला बेरेझिना’. नोव्हेंबर १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना नेपोलियनच्या सैन्याने बेरेझिना नदी ओलांडली. बर्फाळ पाण्यात उभे राहून बांधलेल्या पुलांवरून सैन्याचा काही भाग निसटला, हजारो माणसे मागे राहिली. युद्धशास्त्राच्या हिशोबाने सैन्य पार निघणे हेच यश, असे काही इतिहासकार मानतात. बोलीने तो हिशोब कधी मानला नाही. परीक्षेत, निवडणुकीत, फुटबॉलमध्ये, लग्नाच्या जेवणात, सगळीकडे बेरेझिना होते. १४ जानेवारी १७६१ नंतर मराठीत जसे कशाचेही पानिपत होते आणि विश्वास तर कधीचाच पानिपतात गेलेला असतो, अगदी तसे. याच वर्गातले ‘लिमोजे’ हे क्रियापद: पदावरून हटवणे. १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यांत सेनापती जोफ्र यांनी नालायक ठरवलेले सेनाधिकारी आघाडीपासून दूर लिमोज शहराच्या बाजूला धाडले. ‘गडचिरोलीला टाकतील’ ही धमकी ज्याने सरकारी कचेरीत ऐकली आहे त्याला लिमोजकरांची नाराजी कळेल. चिनी मातीच्या सुंदर भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराच्या नावाने लोकांनी बडतर्फीचे क्रियापद चालवावे, हे काही बरे नव्हे.

सेन नदीवर दिवे लागायच्या आधीची वेळ ‘कुत्रा आणि लांडगा यांच्यामधली’ असते. समोरून येणारा प्राणी त्यांपैकी कोणता हे ओळखू येत नाही इतकाच उजेड. मराठी कातरवेळेत हुरहूर आहे, तिन्हीसांजेत दिवा लावण्याची घाई. फ्रेंच संधिप्रकाशात धनगराची भीती अजून शाबूत आहे, शहरात लांडगा दिसण्याचा प्रश्न नसतानाही.

पॅरिस मागे पडले की बरगंडीची हिरवी कुरणे सुरू होतात आणि दीजाँला मोहरी येते. ‘मोहरी नाकात चढणे’ म्हणजे राग येणे. मराठीत मिरच्या झोंबतात. पण दोन्हींत बारीक फरक आहे. मिरच्या झोंबतात त्या दुसऱ्याच्या बोलण्याने, आणि बहुधा ते बोलणे खरे असते म्हणून. मोहरी मात्र हळूहळू, आतल्या आत चढत जाते आणि एका क्षणी डोळ्यांत पाणी आणते. दीजाँची मोहरी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली की हा वाक्प्रचार कोशात पाहावा लागत नाही. गंमत अशी, की या नामांकित मोहरीचे दाणे बऱ्याच अंशी कॅनडातून येतात. २०२१ मध्ये तिकडे दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रेंच दुकानांतल्या फळ्यांवर मोहरीच्या बरण्या दिसेनात. पण विषय मोहरीच्या व्यापाराचा नाही. विषयांतर झाले की फ्रेंच लोक म्हणतात, ‘आपल्या मेंढ्यांकडे परतू’. पंधराव्या शतकातल्या ‘मेत्र पातलँ’ या प्रहसनात एक कापडवाला मेंढ्यांच्या चोरीची फिर्याद घेऊन न्यायालयात उभा राहतो आणि बोलता बोलता आपल्या चोरीला गेलेल्या कापडात घुसतो. न्यायाधीश त्याला वारंवार मेंढ्यांकडे वळवतात. आपले ‘असो’ हेच काम एका शब्दात करते.

असो. दीजाँमधल्या एका घरी रविवारचे जेवण होते. पहिला घास घेण्याआधी ‘बोन आपेती’. इंग्रजांना यासाठी स्वतःचा शब्द नाही, तोच उसना घेतात. मराठी पंगतीला ‘सावकाश होऊ द्या’ आहे, आणि त्यात भुकेपेक्षा निवांतपणाची इच्छा जास्त आहे, जी फ्रेंच जेवणाला खरे तर अधिक शोभते. तीन तास झाले तरी ‘नासपती आणि चीज यांच्यामध्ये’ गप्पा चालूच होत्या. जेवणाच्या शेवटाकडच्या, मनातले बोलायच्या वेळेला हेच नाव आहे. घरातल्या आजींनी आणखी वाढू केले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने इंग्रजी वाक्य मनात जुळवून फ्रेंचमध्ये ‘मी भरलो आहे’ असे सांगितले. टेबलावर क्षणभर शांतता पसरली. पुरुषाने असे म्हटले की तो दारूने तर्र आहे असा अर्थ होतो, आणि हेच विशेषण गाईला लावले की गाय गाभण. स्पॅनिश गाईचा विनोद पाहुण्याने आधीच करून ठेवलेला असल्याने पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. म्हणायचे होते ते साधे होते: ‘जेवण फार छान झाले’. मराठीतून विचार केला असता तर तेच तोंडात आले असते.

त्याच हशात आजींनी विचारले, ‘ऑ स त्यूत्वा?’ अरे-तुरे करायचे का? फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ आहेत, आणि त्यांच्यापासून केलेली ‘त्यूत्वाये’ व ‘वूव्वाये’ ही क्रियापदे आहेत. या क्रियापदांना चपखल प्रतिशब्द मराठीत तयार आहेत: अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे. इंग्रजीत पाठ्यपुस्तकाला यावर अर्धे पान खर्चावे लागते. पण शब्द सारखे असले तरी वहिवाट सारखी नाही. मराठीत नाते आणि वय आधीच निकाल देऊन ठेवतात. आईला ‘तू’, सासूबाईंना ‘अहो’, आणि कोणी कोणाला परवानगी विचारत नाही. फ्रान्समध्ये आजीआजोबांनाही नातवंडे ‘त्यू’ म्हणतात, आणि परक्यांत मात्र थोरल्याने प्रस्ताव मांडायचा, धाकट्याने स्वीकारायचा, असा चक्क विधी असतो. ऐंशीच्या घरातल्या बाईंना एकेरीत हाक मारताना मराठी जिभेला जे होते ते कोणत्याही वाक्प्रचारात बसत नाही.

लियोंच्या खाणावळींना ‘बुशों’ म्हणतात. याच शब्दाचे दुसरे अर्थ बाटलीचे बूच आणि रस्त्यावरची वाहतूककोंडी. लाल-पांढऱ्या चौकटींचे मेजपोश, आणि यादीत ‘रेशीम विणकराचा मेंदू’ नावाचा पदार्थ. प्रत्यक्षात तो हिरवा मसाला घातलेला मऊ चक्क्यासारखा प्रकार. विणकरांचे हे शहर. इथल्याच विणकर कुळातल्या लोराँ मूर्गे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिन्योल ही हातबाहुली घडवली. ते दात उपटायचा धंदा करत आणि बाहुल्यांच्या खेळाने गिऱ्हाईक जमवत. तेव्हापासून माकडचेष्टा करणाऱ्या मुलाला सबंध फ्रान्समध्ये ‘गिन्योलपणा पुरे’ असे दटावतात. या शहरात एका ओळखीच्या गृहस्थांनी संध्याकाळची वेळ दिली आणि ते आलेच नाहीत. शेजारच्या टेबलावरून सहानुभूती आली: ‘तुमच्यासाठी ससा ठेवला वाटतं’. ससा ठेवणे म्हणजे वेळ देऊन न येणे; मुंबईच्या कॉलेजांत याला टांग देणे म्हणतात.

लियोंच्याच तेत दोर उद्यानात मुले पकडापकडी खेळत होती. सर्वांत धाकटा मागे लागून आत शिरला, तेव्हा मोठ्या बहिणीने जाहीर केले, की हा ‘लोण्याच्या हिशोबात’, म्हणजे याच्यावर राज्य आले तरी धरायचे नाही. लिंबूटिंबू! शब्दकोश इथे ‘महत्त्व न देणे’ असा कोरडा अर्थ देतो आणि सगळी मौज घालवतो. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी लिंबूटिंबू म्हणून धाव घेतलेली असते. त्या लोण्याचा अपमान आणि लाड, दोन्ही त्याला एकदम कळतात. लोण्याची आणखी एक म्हण लियोंच्या बाजारात ऐकू येते: ‘लोणीही हवे आणि लोण्याचे पैसेही हवेत’. वरकड मिळकत झाली तर ‘पालकाच्या भाजीत लोणी पडते’. आपल्याकडे पोळीवर तूप ओढले जाते आणि पाचही बोटे तुपात असतात. लोणी न कढवता खाणाऱ्या आणि कढवून तूप करणाऱ्या दोन मुलखांची सुबत्ता अशी एकाच दुधातून निघालेली.

लियोंच्या खाली रोन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल वारा वाहतो. सरूची झाडे ओळीने लावून शेते त्याच्यापासून वाचवतात. असा वारा सुटला की तो ‘बैलांची शिंगे उपटणारा’ असतो. पावसाबद्दल मात्र मराठीचीच सरशी म्हणावी लागेल. फ्रान्समध्ये जोराचा पाऊस ‘दोरांनी’ पडतो. जून महिन्यातला कोकणचा पाऊस मुसळांनी पडतो, आणि दोराने कधी कोणाचे कौल फुटल्याचे ऐकिवात नाही.

मार्सेयला पोचले की फ्रेंच भाषा स्वभाव बदलते. उत्तरेत शब्दाच्या शेवटी गिळलेले स्वर इथे उच्चारले जातात, बोलण्याला हेल येतो, आणि मराठी कानाला पहिल्यांदाच शब्द कुठे संपतो ते कळते. ‘पोशेर’ म्हणजे अरेरे, बिचारा. ‘देगँ’ म्हणजे कोणी नाही. ‘फादा’ म्हणजे येडा, पण मायेने. ल कोर्बुझिए यांनी १९५२ मध्ये इथे पुरी केलेली काँक्रीटची प्रचंड वसाहत आजही ‘फादाचे घर’ म्हणून ओळखली जाते. ज्यांचे शहरही त्यांनीच आखले त्या चंडीगडकरांनी एवढा मोकळेपणा दाखवल्याचे ठाऊक नाही. झाडाखाली निवृत्त माणसे लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळतात. नावाचा अर्थच पाय रोवून. तेरा गुणांचा डाव असतो, आणि तेरा-शून्य हरणाऱ्याला फानी नावाच्या बाईच्या चित्राचे किंवा पुतळीचे ढुंगण चुंबावे लागते. त्यासाठी फानीची प्रतिमा क्लबांत टांगलेली असते.

जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी मासळी विकतात. मार्सेयकरांच्या थापा साऱ्या फ्रान्समध्ये प्रसिद्ध; अशा फुगवलेल्या गोष्टीला ‘मार्सेयचे बंदर बुजवणारी सार्डिन’ म्हणतात. बोटभर तारलीने बंदर अडवले, याहून मोठी थाप कोणती? पण घटना खरी आहे. ‘सार्तीन’ हे जहाज होते, नौदलमंत्र्यांच्या नावाचे. इंग्रजांनी १७७८ मध्ये पाँडिचेरी घेतली. तिथले सुटलेले फ्रेंच युद्धकैदी घेऊन हे जहाज मायदेशी येत होते, आणि त्यांत पुढे फ्रान्सच्या राज्यकर्त्यांपैकी एक झालेले बारासही होते. १७८० च्या मे महिन्यात पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ एका इंग्रज युद्धनौकेने त्याच्यावर तोफा डागल्या, कप्तान मारला गेला. जहाज कसेबसे मार्सेयला पोचले आणि बंदराच्या तोंडाशीच रुतून बसले. लोकांनी एक अक्षर बदलले आणि जहाजाचा मासा झाला.

हे सगळे, पाँडिचेरीसकट, प्रस्तुत लेखकाने आपल्या गाईच्या फ्रेंचमध्ये एका तारलीवाल्याला सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले, मासळीचा हात एप्रनला पुसला आणि तर्जनीने खालची पापणी खाली ओढली.